अर्ध्या दातांचे चाक

पुण्याची थंडी मानवत नाही म्हणून कोणी लखनौला गेला, तर त्याला शहाणा म्हणता येणार नाही. तरी दोन वर्षांपूर्वी कार्तिकात मी तेच केले. अर्थात थंडी हे निमित्त होते. पत्नीच्या मागे घर फार मोठे वाटू लागले होते. मुलगी लखनौच्या एका संशोधनसंस्थेत काम करते, तिने आग्रह केला. आणि अंगावर जे एक काम होते ते कोठेही बसून करण्यासारखे होते. गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकात आलेल्या मराठी कवितेचे एक संकलन मला सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी बावीस कवितासंग्रह मी एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत भरून नेले. लखनौच्या स्थानकावर हमालाने ट्रंक डोक्यावर घेताना विचारले, "इसमें क्या है साहब, लोहा?" चाळीस-पन्नास पानांच्या कृश पुस्तकांना मिळालेली ही दाद मला त्या वेळी विनोदी वाटली होती.

मराठी माणसाच्या मनात लखनौ येते ते बहुधा पंडित भातखंड्यांच्या वाटेने. १९२६ साली त्यांनी येथे संगीत महाविद्यालय उभे केले, आणि घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा कागदावर उतरविण्याच्या त्यांच्या खटपटीला या शहरात एक हक्काचे छप्पर मिळाले. मीही आलो तेव्हा तेच पाहावयाचे, चौकातल्या गल्ल्यांतून हिंडावयाचे, इमामबाड्याच्या पायऱ्यांवर बसावयाचे, असे मनाशी योजले होते. प्रत्यक्षात माझे लखनौ निराळेच निघाले. ते नखासच्या बाजारातील एका सहा फूट रुंदीच्या दुकानात होते, आणि तेथे मला नेले ते माझ्या नातवाने. खरे म्हणजे त्याच्या बिस्किटाच्या डब्याने.

नातू तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मधली तीन वर्षे आईबरोबर योकोहामाला काढून तो परतला होता. मित्रांशी हिंदी, शाळेत इंग्रजी, स्वतःशी जपानी आणि माझ्याशी मराठी, अशी त्याची व्यवस्था. माझ्याशी बोलताना तो ओढ्यातले दगड चाचपत पलीकडे जाणाऱ्या माणसासारखा एकेक शब्द पाहून पाऊल टाकी. त्यामुळे आमचे बोलणे थोडे होई. मी आल्यावर आठवडाभराने एका संध्याकाळी तो डबा घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "आजोबा, हे तुटलं."

डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तळहातापेक्षा थोडी मोठी, राखी रंगाची धातूची वस्तू होती. तिच्या एका अंगाला ग्रीस माखले होते आणि त्या ग्रीसमध्ये पांढरा चुरा होता, दळलेल्या खोबऱ्यासारखा. ती एअरसॉफ्ट बंदुकीची गिअरबॉक्स होती.

हा शब्द माझ्या वाचकांपैकी बहुतेकांना नवा असेल, मलाही होता. जपानात १९५८च्या कायद्याने सामान्य माणसाने बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य केले. पण बंदुकीचे आकर्षण कायद्याने जात नाही. सत्तरच्या दशकापासून तेथे हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, परंतु सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी फेकणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका निघू लागल्या. १९९१ साली तोक्यो मारुई या कंपनीने विजेवर चालणारी बंदूक बाजारात आणली. एका फ्रेंच लष्करी रायफलीची ती प्रतिकृती होती. तेव्हापासून या खेळाचे यंत्र स्थिरावले. बॅटरी, छोटी मोटर, तीन दातेरी चाके, एक दट्ट्या आणि एक कमान. मुलाच्या मित्राने त्याला जुनी बंदूक दिली होती. परत येताना त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, रायफलीसारखे दिसणारे काहीही विमानतळावरून नेणार नाही असे बजावले. तेव्हा मुलाने बंदूक मित्राकडे ठेवली आणि तिच्या पोटातले हे यंत्र तेवढे काढून आणले. नळी नाही, दस्ता नाही, चाप नाही. बंदुकीवाचूनची बंदूक.

ती तुटली कशी, हे त्याने मला सांगितले त्यात थोडी लपवाछपवी होती; ती पुढे उघड झाली. जपानात अशा बंदुकीच्या गोळीची ऊर्जा ०.९८ ज्यूलच्या वर जाता कामा नये, असा २००६ पासून कायदा आहे. लखनौत त्याला कोण विचारणार? (आपल्याकडील २०१६चे शस्त्रनियम छऱ्याच्या बंदुकीला २० ज्यूलपर्यंत परवान्यावाचून सोडतात.) अमीनाबादेत स्प्रिंगांचे दुकान पाहून त्याने तेथून एक जाड तारेची कमान आणली, कानशीने कापून मापाची केली आणि मूळच्या कमानीच्या जागी बसविली. पहिल्या दिवशी यंत्र गुरगुरले. दुसऱ्या दिवशी आतून कुरकुर आली आणि मग नुसती चाके फिरू लागली. दट्ट्याचे दात गेले होते. पांढरा चुरा म्हणजे ते दात.

कतकी मेळ्यात आम्हांला दुकानाचा पत्ता लागला. कार्तिकी पौर्णिमेपासून डालीगंज भागात तो मेळा भरतो; मातीची भांडी, चिनी मातीच्या बरण्या, खेळणी, पाळणे. तेथे फुगे फोडण्याचा एक स्टॉल होता आणि तो दिसताच मी थांबलो. लहानपणी पुसेगावच्या यात्रेत वडिलांनी मला दहा पैशांत पाच छरे मारू दिले होते आणि एकही फुगा फुटला नव्हता. वडील शिक्षक होते. घरी येईपर्यंत ते मला नळी कशी मुद्दाम वाकविलेली असते हे समजावून सांगत राहिले. त्यांच्या त्या स्पष्टीकरणावर माझा विश्वास बसला नव्हता, पण ते त्यांनी दिले म्हणून बरे वाटले होते. लखनौच्या स्टॉलवरील बंदूक आय. एच. पी. छापाची होती. हा छाप इंडियन ह्यूम पाइप कंपनीचा. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली, गावोगावी पाण्याचे नळ पुरविणारी ही मुंबईची कंपनी छऱ्याच्या बंदुकाही बनवीत आली आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. नळी ती नळी, असा काही विचार त्यामागे असेल काय? नातवाने पाचांतले चार फुगे फोडले. मग त्याने स्टॉलवाल्याला विचारले, ही बिघडली तर कोण नीट करतो? तो म्हणाला, नखासमध्ये मिस्त्री आहेत, सगळ्या मेळ्यांच्या बंदुका त्यांच्याकडेच जातात.

नखास रविवारी पाहावा. जुने कपडे, जुनी कुलुपे, एकच पाय असलेले बूट, घड्याळांचे सुटे काटे, पक्ष्यांचे पिंजरे, सारे रस्त्यावर. मिस्त्रींचे दुकान मात्र रविवारी बंद असे, म्हणून आम्ही सोमवारी गेलो. सत्तरीच्या पलीकडचे गृहस्थ, पांढरी दाढी, डोळ्यांना दोरीने बांधलेला चष्मा. भिंतीला पंधरा-वीस छऱ्याच्या बंदुका टेकून उभ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. खाली शिलाई-यंत्रे. शिलाई-यंत्रे पोटासाठी, बंदुका शौकासाठी, असे ते म्हणाले. बाप आणि आजाही हेच करीत होते. मी प्राध्यापक असल्याचे नातवाने सांगून टाकले होते. तेव्हापासून मी 'प्रोफेसर साहब' झालो.

या शहराला ही विद्या परकी नाही. नवाब आसफउद्दौलाच्या शस्त्रागाराची व्यवस्था क्लॉड मार्टिन (१७३५–१८००) या फ्रेंच माणसाकडे होती. त्याच्या देखरेखीखाली देशी कारागीर युरोपीय धाटणीची पिस्तुले आणि बंदुका घडवीत. त्याने ओतवलेली एक तोफ १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होती, ती आज त्याच्याच नावाच्या शाळेपुढे उभी आहे. मिस्त्रींना मी हे सांगितले, काहीशा प्राध्यापकी उत्साहाने. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "होगा साहब. काम तो अपने ही लोगों ने किया होगा." इतिहासलेखनाच्या एका मोठ्या प्रश्नाला इतके थोडक्यात मिटविलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

त्यांनी असले यंत्र पूर्वी पाहिले नव्हते. म्हणून त्यांनी हात लावला नाही. मला हे फार आवडले. गिअरबॉक्स फडक्यावर ठेवून ते पाच-सात मिनिटे नुसते पाहत राहिले. मग उलटे करून पुन्हा तितकाच वेळ. नंतर स्क्रू काढले आणि कवचाचे दोन भाग एका बोटाने दाबून धरून, दुसऱ्या हाताने मागच्या छिद्रातून पेचकस घालून कमान आवरीत, शिंपल्यासारखे अलगद उघडले. तरीही केसाएवढी एक बारीक स्प्रिंग टणकन उडाली. नातू घाबरला. मिस्त्रींनी शिलाई-यंत्राच्या मोटरीतून काढलेले चुंबक दोऱ्याला बांधून जमिनीवरून दोनदा फिरविले. ती स्प्रिंग, तीन सुया आणि एक बटनाचे हूक घेऊन चुंबक वर आले. "बाकी का हमारा," ते म्हणाले.

आता ती चाके. छऱ्याच्या बंदुकीत नळी मोडून कमान दाबण्याचे काम आपला दंड करतो. कमान दबते, दट्ट्या मागे अडकतो, चाप ओढला की सुटतो आणि पुढची हवा छऱ्याला ढकलते. या जपानी यंत्रात दंडाच्या जागी मोटर आहे. मोटर वेगाने फिरते पण तिच्यात बळ थोडे. म्हणून मध्ये तीन चाके. मोटर सुमारे १८ वेळा फिरते तेव्हा शेवटचे चाक एकदा फिरते. वेग खर्ची घालून बळ विकत घ्यावयाचे. शेवटच्या चाकाचे दात दट्ट्याच्या पाठीवरील दातांत अडकतात आणि त्याला खेचत मागे नेतात. येथवर कोणाही घड्याळजीला कळेल. गंमत पुढे आहे. त्या शेवटच्या चाकाला दात केवळ अर्ध्या परिघावर असतात. उरलेला अर्धा गुळगुळीत. दात संपले की दट्ट्याला धरणारे काही उरत नाही. कमान त्याला पुढे फेकते आणि गोळी सुटते. चाक आपल्या रिकाम्या अर्ध्यातून फिरत पुन्हा पहिल्या दातापाशी येते. पुन्हा पकड, पुन्हा सुटका. नेम, आवाज, वेग, सारे त्या बिनदातांच्या बाजूला घडते.

मिस्त्रींनी ते चाक चिमट्यात धरून उजेडात फिरविले आणि लहान मुलासारखे हसले. "आधे दाँत! किसी ने जानबूझ के छोड़े हैं." मग त्यांनी नातवाची कमान उचलली, दोन बोटांत दाबून पाहिली आणि हसणे थांबले. "यह इसकी नहीं है."

मुलाने खाली पाहिले.

"कमानी पहलवान की, और दाँत बच्चे के," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मग त्याला एकेक दाखविले. नव्या कमानीने दट्ट्याच्या दातांवर भार वाढला, हे झालेच. शिवाय दट्ट्या प्रत्येक वेळी समोरच्या भिंतीवर अधिक जोराने आदळत होता. कवचाच्या तोंडाशी केसासारखी भेग पडू लागली होती, ती नखाला लागत होती. आणि चाके बसविताना मुलाने त्यांच्या खालच्या पातळ चकत्या उलटसुलट केल्या होत्या. त्यामुळे चाके किंचित तिरपी, दातावर दात पुरता न बसता कडेवर बसणारा. कमान आधीचीच राहती तर हे दोष निभून गेले असते. "ताकत बढ़ाओ तो हर चीज़ हिसाब माँगती है, बेटा." मग त्यांनी विचारले, "कितनी दूर मारना है?"

नातू गोंधळला. नळीच नाही, तर अंतर कसले? तरी तो म्हणाला, "ज़्यादा."

"ज़्यादा कोई दूरी नहीं होती," मिस्त्री म्हणाले आणि चहा सांगितला.

त्या रात्री मी ट्रंक उघडून बसलो होतो. बावीसांपैकी एकोणिसांचे काम झाले होते. उरलेल्या तिघांत एक राखाडी मुखपृष्ठाचा, चाळीस पानांचा संग्रह होता. कवीचे नाव मी लिहीत नाही. ज्यांना आठवेल त्यांना आठवेल. १९८४ साली तो आला तेव्हा मी नुकताच प्रबंध पुरा केला होता आणि पंचविशीतल्या माणसाला आपण निर्णय देऊ शकतो या जाणिवेने जी धुंदी येते तिच्यात होतो. एका नियतकालिकात मी त्या संग्रहावर दीड पान लिहिले. कौतुकच केले होते. अंगण, पाण्याचा हंडा, दुपारी झोपलेली आई, पोस्टमनची सायकल, एवढ्यातल्याएवढ्यात हा कवी किती अचूक आहे, असे म्हटले होते. आणि शेवटी एक वाक्य जोडले होते: या कवितेचा पल्ला लहान आहे, तो वाढल्यावाचून तिला सामर्थ्य येणार नाही.

पल्ला. हा शब्द मी किती वेळा वापरला असेन याची गणती नाही. आमच्या धंद्यात तो पेचकसासारखा आहे, कोठेही चालतो. तो शब्द तोफेकडून आणि बंदुकीकडून आमच्याकडे आला असावा, हा विचार मला चाळीस वर्षांत कधी शिवला नाही. नखासमध्ये एका शिलाई-यंत्राच्या मिस्त्रीने अंतर विचारले तेव्हा शिवला.

कवी मला येऊन भेटला होता. तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षक, एस. टी.ने सहा तास प्रवास करून आला. त्याला राग आलेला नव्हता. आला असता तर बरे झाले असते. तो वही घेऊन आला होता. पल्ला वाढवायचा म्हणजे काय करायचे, असे त्याने मला विचारले, आणि मी सांगितले. इतिहासाकडे बघा म्हणालो, दीर्घ रचना करून पाहा म्हणालो, काही नावे सांगितली, काही पुस्तके दिली. मी प्रामाणिक होतो, हे मला नमूद केले पाहिजे. त्याने काही हलके होते असे नाही. पाच वर्षांनी त्याचा दुसरा संग्रह आला. एकच दीर्घ कविता, युद्धे, स्थलांतरे, नद्या, शंभरावर पाने. त्यावरही मीच लिहिले. कवीचा श्वास पुरत नाही, आवाज मोठा झाला आहे पण पकड सुटली आहे, असे लिहिले. ते खरे होते. आजही मी तो लेख पुन्हा वाचला तर त्यातले एकही विधान बदलणार नाही. त्यानंतर त्या कवीची एक ओळही छापून आली नाही.

कमान कोणी बदलली, याची चौकशी त्या लेखात नव्हती.

मिस्त्रींकडे आम्ही पुढे पाच वेळा गेलो. दट्ट्या येथे मिळण्यासारखा नव्हता. जुन्याचे अंग शाबूत होते. त्याच्या पाठीतली दातांची पट्टी कापून काढून त्यांनी तेथे नायलॉनची नवी पट्टी बसवावयाची ठरविले. नायलॉनचा ठोकळा यंत्रांच्या बुशांसाठी येतो, त्यातून त्रिकोणी कानशीने एकेक दात काढला. प्रत्येक दात चाकाशी लावून पाहत. शेवटचा दात तेवढा पोलादाचा केला, कारण सुटकेच्या क्षणी सारा भार त्या एकट्यावर येतो. चाकांखाली पितळी पत्र्याच्या चकत्या घातल्या, ०.१ आणि ०.२ मिलिमीटरच्या, माप सूक्ष्ममापीने घेत, पण निर्णय कानाने करीत. चाके हाताने फिरवून कवच कानाशी धरावयाचे. खरखर आली तर एक चकती काढावयाची, खुळखुळ आली तर एक घालावयाची. भातखंड्यांच्या शहरात मी श्रुतींचा असा उपयोग पाहिला. एके दिवशी त्यांनी नातवालाही ऐकविले. "अब?" "आवाज़ है." "अब?" तो बराच वेळ थांबून म्हणाला, "कम है." "कम ही रहेगी. बिलकुल चुप हुई तो समझो फँस गई."

एक गोष्ट मात्र मला कळेना. दट्ट्या जेथे आदळतो तेथे त्यांनी रबराची जाड चकती चिकटविली, धक्का शोषून घेण्यासाठी. त्यामुळे दट्ट्या थोडा मागे उभा राहू लागला, आणि चाकाचा पहिला दात त्याच्या पहिल्या दातावर कडेने न लागता सपाट, पुरता टेकू लागला. हे उत्तमच. पण मग त्यांनी कानस घेतली आणि स्वतः तीन दिवस खपून घडविलेल्या पट्टीतला दुसरा दात घासून काढून टाकला. चांगला, धडधाकट दात. नातू जवळजवळ ओरडला. मिस्त्रींनी त्याला चाक फिरवून दाखविले: पहिली पकड नीट बसावी तर दुसऱ्याने वाट अडवू नये, तो तेथे असता तर येणाऱ्या चाकाला खालून ढुसणी देत राहिला असता आणि पहिल्याला एक दिवस घेऊन गेला असता. नंतर मुलाने कोठेतरी शोधून मला सांगितले, की जपानात आणि इतरत्र हे काम करणारे लोक नेमके हेच करतात. त्याला पकडीचा कोन सुधारणे म्हणतात. मिस्त्रींना ते कोणी सांगितले नव्हते. दोन लोखंडे एकमेकांकडे कशी येतात हे ते पाहत होते, इतकेच.

त्या दिवसांत परतताना आम्ही कधीकधी हुसैनाबादवरून येत असू. तेथला घंटाघर १८८०च्या दशकातला. त्याच्या घड्याळाची चाके गनमेटलची, म्हणजे ज्या मिश्रधातूच्या पूर्वी तोफा ओतीत त्याची, हे मी नातवाला सांगितले. घड्याळ १९८४ साली बंद पडले आणि २०११ साली पुन्हा चालू झाले. "सत्तावीस वर्षं कोणी काही केलं नाही?" त्याने विचारले. मी म्हणालो, लोकांना बंद घड्याळाची सवय होते. १९८४ हा आकडा उच्चारताना मी अडखळलो, ते त्याच्या लक्षात आले नसावे.

पौषात यंत्र तयार झाले. मूळची जपानी कमान त्यात परत गेली. मुलाने ती टाकली नव्हती, ही त्याची जमेची बाजू. जाड कमान मिस्त्रींनी ठेवून घेतली, कोणा फुगेवाल्याच्या बंदुकीला होईल म्हणून. मोटर लावली, बॅटरी जोडली. नळी नाही, गोळी नाही, तेव्हा परीक्षा कशी घ्यायची? मिस्त्रींनी मेणबत्ती पेटवून यंत्राच्या तोंडासमोर एक वितीवर ठेवली. नातवाने तारा जोडल्या. गुर्रकन एक आवाज झाला, एक टोला, आणि ज्योत विझली. धुराची बारीक रेषा वर गेली. मिस्त्रींनी ती पुन्हा पेटविली, आणखी चार बोटे मागे सरकविली. पुन्हा विझली. आणखी मागे. या वेळी ज्योत वाकली, थरथरली आणि पुन्हा उभी राहिली.

"लो," मिस्त्री म्हणाले, "इतनी दूर."

साऱ्या कामाचे त्यांनी साडेतीनशे रुपये घेतले. मी पाचशे पुढे केले तेव्हा म्हणाले, दात लावायचे घेतले, काढायचे घेत नाही. आणि उरलेले परत दिले.

संकलनाच्या यादीत मी त्या राखाडी पुस्तकातल्या चार कविता घेतल्या. दुसऱ्या संग्रहातले काही घेतले नाही. तेथे माझे मत बदललेले नाही. अनुमतीची पत्रे सगळ्या कवींना जातात तसे त्यालाही गेले. मी मात्र स्वतःच्या हाताने वेगळे पत्र लिहिले. त्यात क्षमा वगैरे मागावी असे वाटले होते. दोन खर्डे केले आणि फाडले, कारण दोन्हींत मीच फार मोठा दिसत होतो. शेवटी एवढेच लिहिले, की १९८४ साली मी आपल्या कवितेबद्दल लिहिलेले एक वाक्य चुकीचे होते, आणि कोणते ते लिहिले.

बाविसाव्या दिवशी उत्तर आले. पोस्टकार्ड, लखनौच्या पत्त्यावर. अक्षर शिक्षकाचे, अजूनही वळणदार. अनुमती दिली होती. त्या वाक्याचा उल्लेख नव्हता. खाली लिहिले होते: "आपण निवडलेल्या कविता नीटशा आठवत नाहीत. पुस्तकाची प्रत माझ्याजवळ उरलेली नाही. आपल्याजवळ असल्यास झेरॉक्स पाठवावी, ही विनंती."

मी नातवाला घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. चार कविताच नव्हे, सारे पुस्तक करून द्या म्हणून सांगितले. दुकानदार पोराने पहिले पान काचेवर ठेवले, उचलले, पुन्हा पाहिले. "साहब, इसमें पेंसिल बहुत है. वो भी आएगी."

चाळीस वर्षांपूर्वीची माझी पेन्सिल. जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात. 'सुंदर.' 'लहान.' 'येथे थांबला?' 'अधिक जोर हवा.' मी ते पुस्तक इतके दिवस हाताळीत होतो आणि त्या खुणा माझ्याच असल्याने मला दिसत नव्हत्या.

"हल्की कर दूँ?" पोराने विचारले. "पर हल्की करूँगा तो छपाई भी हल्की आएगी."

मी नातवाकडे खोडरबर मागितले. त्याच्या शाळेच्या दप्तरात होते. दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघे बसलो. कागद जुना, कडेला पिवळा पडलेला, थोडा दाब पडला तरी चुरगळणारा. पहिल्या पानावर मी घासू लागलो तेव्हा ते सरकू लागले, म्हणून नातवाने पुस्तक आपल्या मांडीवर घेतले आणि दोन्ही कोपरे बोटांनी धरून ठेवले. "हळू, आजोबा," तो म्हणाला.